अँप्लिफायर घेऊ नका, आधी बफर मोजा

सोलापुरातल्याच एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलंय. प्रोजेक्टसाठी तिने काचेवर सोन्याचे इलेक्ट्रोड आणि वर पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराचा चॅनेल अशी चिप मिळवली. इलेक्ट्रोडमधलं अंतर ३० मायक्रोमीटर. पीबीएस या खारट बफरमध्ये (पेशी ठेवायच्या द्रवात) पेशी घेऊन आत सोडल्या, फंक्शन जनरेटरवरून १ किलोहर्ट्झला २० व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, दिले. पेशी जागच्या हलल्या नाहीत. बुडबुडे तेवढे आले आणि इलेक्ट्रोडच्या कडा काळ्या पडल्या. गाइड म्हणतात, व्होल्टेज कमी पडतंय, अँप्लिफायर मागवू. तर तो मागवावा का? याच पद्धतीने पुढे रक्तातून कॅन्सरची एकेक पेशी वेगळी काढता येईल का? आणि सिरिंज पंप नाही, तर हाताने ढकललं तर चालेल का?

अँप्लिफायर मागवू नका. कॅन्सरच्या पेशी काढता येतात, पण थेट रक्तातून नाही. त्याला थोडा हिशोब लागतो, तो पुढे करतो. आधी तुमच्या चिपमध्ये नेमकं काय झालं ते बघू. या कामात नवा येणारा जवळपास प्रत्येक जण इथेच अडकतो. सगळं लक्ष व्होल्टेजच्या नॉबवर असतं, आणि पेशी ज्या द्रवात तरंगताहेत त्याची चौकशी कुणी करत नाही.

पीबीएसची विद्युतवाहकता साधारण १.५ सीमेन्स प्रति मीटर. त्यात १ किलोहर्ट्झला व्होल्टेज दिलं की आयन धावत जाऊन इलेक्ट्रोडच्या अंगाला थर करून बसतात, आणि तुमच्या २० व्होल्टपैकी मोठा हिस्सा त्या नॅनोमीटरभर थरातच संपतो. मधल्या द्रवात, जिथे पेशी आहेत, तिथे फारसं काही पोचत नाही. थरावर पडलेल्या व्होल्टेजने पाण्याचं विघटन झालं, ते बुडबुडे. क्लोराइडच्या संगतीत सोनं खाल्लं गेलं, त्या काळ्या कडा. अँप्लिफायर लावला असता तर बुडबुडे वाढले असते आणि चिप हातची गेली असती. जनरेटरवरचा डीसी ऑफसेट, म्हणजे एसीसोबत मिसळलेलं एकाच दिशेचं व्होल्टेजही एकदा बघून घ्या. आधीच्या कुणीतरी तो अर्धा-एक व्होल्टवर ठेवून दिलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ओळीत एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की डीसीची कटकट मिटते. १०० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा दोन ओमसुद्धा नसतो.

आता मुळाशी येऊ. पेशीवर थोडा ऋण प्रभार असतो आणि डीसी क्षेत्रात ती धन टोकाकडे सरकते, हे इलेक्ट्रोफोरेसिस. प्रथिनं वेगळी करायला ते उत्तम, त्यावर टिसेलियस यांना १९४८ चं नोबेल मिळालं. पण बऱ्याचशा पेशींचा पृष्ठभागावरचा प्रभार एकमेकींच्या इतका जवळचा असतो की निवड करायला तो पुरत नाही. आपण वापरतो ते डायइलेक्ट्रोफोरेसिस, बोलताना नुसतं डीईपी. हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये हे नाव दिलं आणि १९६६ मध्ये हॉक यांच्यासोबत जिवंत आणि मेलेलं यीस्ट यानेच वेगळं करून दाखवलं. इथे पेशीवर निव्वळ प्रभार असण्याची गरज नाही. क्षेत्रामुळे पेशीत ध्रुवीकरण होतं आणि क्षेत्र एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ असेल तर दोन टोकांवरची ओढ सारखी राहत नाही. पेशी एकीकडे सरकते. प्रत्यावर्ती व्होल्टेजची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटली तरी ध्रुवीकरणही सोबत उलटतं, त्यामुळे बलाची दिशा कायम राहते.

हे बल त्रिज्येच्या घनावर अवलंबून असतं. व्होल्टेजच्या वर्गावरही. पण दाट क्षेत्राकडे ओढायचं की तिथून दूर ढकलायचं, हे ठरवतो तिसराच घटक, क्लॉसियस-मोसोटी गुणक. पेशी आणि भोवतालचा द्रव यांच्यात कोण जास्त ध्रुवीभूत होतं याचा हा हिशोब, आणि तो उणे ०.५ ते अधिक १ यांच्या मध्येच राहतो. तो शून्याच्या आसपास असेल तर व्होल्टेज कितीही चढवा, पेशी ढिम्म. आणि या गुणकाचा लगाम दोनच गोष्टींच्या हातात असतो: द्रवाची वाहकता आणि फ्रिक्वेन्सी.

ते कसं? पेशीचा पडदा काही नॅनोमीटर जाडीचा आणि जवळजवळ संपूर्ण रोधक. कमी फ्रिक्वेन्सीला करंट पडद्याला वळसा घालून जातो, पेशी रोधक गोळीसारखी वागते आणि दाट क्षेत्रातून बाहेर ढकलली जाते. फ्रिक्वेन्सी वाढवत गेलं की पडदा कपॅसिटरसारखा पार होऊ लागतो, आतला खारट पेशीद्रव क्षेत्राला दिसतो, आणि बाहेरचा द्रव त्याहून कमी वाहक असेल तर पेशी आत ओढली जाते. दिशा जिथे बदलते ती क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी. ढोबळ सूत्र सोपं आहे: द्रवाच्या वाहकतेला दोनच्या वर्गमुळाने गुणा, आणि दोन पाय, पेशीची त्रिज्या व पडद्याची दर क्षेत्रफळामागची धारकता यांच्या गुणाकाराने भागा. द्रवाची वाहकता पेशीद्रवापेक्षा बरीच कमी असेपर्यंत हे सूत्र चालतं.

पेशीद्रवाची वाहकता साधारण अर्धा सीमेन्स प्रति मीटर धरतात. पीबीएस त्याच्या तिप्पट. म्हणजे पीबीएसमध्ये तुम्ही फ्रिक्वेन्सी कुठेही नेली असती तरी पेशी इलेक्ट्रोडच्या कडेकडे ओढली गेलीच नसती. ढकलली तेवढी गेली असती. ढकलणंही उपयोगी असतं, त्याकडे नंतर येतो.

आता खरे आकडे घालून बघा. गॅस्कॉइन, बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या एमडीए-२३१ पेशी रक्तपेशींमधून डीईपीने वेगळ्या केल्या. त्यांनी मोजलेली पडद्याची धारकता अशी: एमडीए-२३१ साठी प्रति चौरस मीटर २६ मिलिफॅरड, टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीसाठी ११, तांबड्या पेशीसाठी ९. कॅन्सरच्या पेशीचा आकडा इतका मोठा का? तिचा पडदा ताणलेला गुळगुळीत नसतो. सुरकुत्या, घड्या, बारीक बोटांसारखे फुटवे असतात. तेवढ्याच गोळ्यावर पडद्याचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून धारकता जास्त. डीईपी नुसता आकार बघत नाही, पडद्याची ही ठेवण बघतो, आणि मला या तंत्रात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. कुठला रंग नाही, अँटिबॉडी नाही, आणि पेशीच्या अंगावरच्या घड्यांवरून निवड होते.

बफरची वाहकता १० मिलिसीमेन्स प्रति मीटर धरा. ६ मायक्रोमीटर त्रिज्येच्या एमडीए-२३१ ची क्रॉसओव्हर निघते साधारण १४ ते १५ किलोहर्ट्झ. ३.३ मायक्रोमीटर त्रिज्येच्या लिम्फोसाइटची साधारण ६० किलोहर्ट्झ. मधे कुठेतरी, समजा ४० वर, जनरेटर लावा. कॅन्सरची पेशी इलेक्ट्रोडच्या कडेला येऊन चिकटते, लिम्फोसाइट वर उचलली जाऊन प्रवाहाबरोबर निघून जाते. झालं वर्गीकरण.

आता तोच बफर अर्धा तास पेशींसकट ट्यूबमध्ये पडून राहिला असं समजा. कमी क्षाराच्या द्रवात पेशी आतले आयन सोडत राहतात. नीट धुतल्या नसतील तर मीडियमचे, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवाचे, क्षारही सोबत आलेले असतात. वाहकता १० वरून ३० वर गेली. दोन्ही क्रॉसओव्हर तिप्पट झाल्या: एक ४३ च्या पुढे, दुसरी १८० च्या वर. तुमचा जनरेटर अजून ४० वरच आहे. आता दोन्ही प्रकारच्या पेशी ढकलल्या जाताहेत आणि काहीच वेगळं होत नाही. व्होल्टेजला हात लागलेला नाही, चिप तीच, पेशी त्याच. सकाळी चाललेला प्रयोग दुपारी का बंद पडला याचं उत्तर दहापैकी नऊ वेळा एवढंच असतं. अँप्लिफायरने यातलं काय सुधारणार होतं?

म्हणून पहिली खरेदी कंडक्टिव्हिटी मीटरची. विभागात असतोच, फक्त त्याचा द्रवात बुडवायचा सेल कोरडा पडलेला असतो; पोटॅशियम क्लोराइडच्या प्रमाणित द्रावणावर कॅलिब्रेट करून घ्या. मीटर मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये दाखवतो आणि पेपर मिलिसीमेन्स प्रति मीटरमध्ये लिहितात. मीटरवरचे १०० म्हणजे पेपरमधले १०. या दहाच्या फरकाने भलेभले गंडतात.

सोलापूरकरांसाठी यात एक खास मेख आहे. वाहकता तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. बहुतेक मीटर ते आपोआप सावरून २५ अंशांना किती असती तो आकडा दाखवतात. पण चिपमधल्या पेशीला मीटर काय दाखवतो याच्याशी घेणं-देणं नाही. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे, लॅबमधला एसी बंद, आणि टेबलावर ३७ अंश असतील तर चिपमधली वाहकता मीटरवरच्या आकड्यापेक्षा चोवीसेक टक्क्यांनी जास्त आहे आणि क्रॉसओव्हर तेवढीच वर सरकलेली आहे. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, घेतलेले आकडे उन्हाळ्यात जुळत नाहीत ते यामुळे. एकतर तापमानाची भरपाई बंद करून मोजा, नाहीतर वहीत आकड्याशेजारी चिपजवळचं तापमान लिहा.

बफर घरच्या घरी होतो: १०० मिलिलिटर डीआयोनाइज्ड पाण्यात ८.५ ग्रॅम सुक्रोज आणि ०.३ ग्रॅम डेक्स्ट्रोज. साखरेमुळे परासरण दाब पेशीला सोसेल इतका राहतो आणि वाहकता जवळजवळ शून्य. हवी तेवढी वाहकता मग मीडियमचे थेंब टाकून आणायची. पाणी नळाचं नको, बोअरचं तर नकोच. आपल्याकडच्या पाण्याला मीटर लावला की आकडा शेकड्यांत जातो आणि सगळं बजेट पाण्यातच संपतं. घरच्या आरओचं पाणी ५० टीडीएसचं असलं तरी त्याचे मीटरवर १०० च्या आसपास होतात, म्हणजे वरच्या उदाहरणातली अख्खी वाहकता तिथेच भरली. पेशी या बफरने दोन-तीनदा हलक्या सेंट्रिफ्यूजवर धुवा आणि प्रत्येक धुण्यानंतर वरच्या द्रवाची वाहकता मोजा. चिपमध्ये सोडण्याच्या ऐन आधी पुन्हा एकदा. चॅनेलच्या भिंतींना पेशी चिकटू नयेत म्हणून बीएसए हे प्रथिन किंवा प्लुरॉनिक एफ-१२७ हा साबणासारखा पदार्थ यांच्या द्रावणाने चॅनेल आधी भिजवून घ्यायचा, पण बीएसएसोबत क्षार येतात, तेव्हा नंतर बफरने धुऊन टाका.

आता व्होल्टेजचा हिशोब, म्हणजे गाइडना दाखवायला कागद होईल. ६ मायक्रोमीटर त्रिज्येची पेशी, तुमच्या इलेक्ट्रोडमधलं ३० मायक्रोमीटर अंतर, त्यावर १.५ व्होल्ट आरएमएस, म्हणजे एसीचं परिणामी व्होल्टेज. क्षेत्र झालं मीटरला ५०,००० व्होल्ट. गुणक ०.३ धरला तर बल २० पिकोन्यूटनच्या आसपास येतं. पाण्यातलं पेशीचं निव्वळ वजन अर्धा पिकोन्यूटन. या बलाने पेशी इलेक्ट्रोडजवळ सेकंदाला २०० मायक्रोमीटरच्या घरात पळते. दीड व्होल्टमध्ये! तुमचा जनरेटर २० व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे ७ आरएमएस देतो. बल वर्गाने वाढतं, तेव्हा ते वीसपटीहून जास्त. कमी काही पडत नव्हतं.

उलट जास्त होतं. क्षेत्रात पेशीच्या पडद्यावर जे व्होल्टेज उभं राहतं ते दीड गुणिले क्षेत्र गुणिले त्रिज्या. दीड व्होल्टला ते ०.४५ व्होल्ट येतं. पडद्याला छिद्रं पडायला ०.२ ते १ व्होल्ट पुरतात. फ्रिक्वेन्सी वाढवली की हे उतरतं, म्हणून मेगाहर्ट्झकडे काम करणं पेशीला मानवतं. ७ व्होल्टला मात्र कमी फ्रिक्वेन्सीवर दोन व्होल्टच्या वर जाईल, आणि तुम्ही वेगळ्या केलेल्या पेशी मेलेल्या निघतील. शिवाय उष्णता. ती वाहकता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराने वाढते. पीबीएस आणि १० मिलिसीमेन्सचा बफर यांच्यात दीडशे पटींचा फरक आहे.

जनरेटरचं आणखी एक. त्याच्या डिस्प्लेवर दिसणारा आकडा समोर ५० ओमचा लोड आहे असं धरून दाखवलेला असतो. लोड हलका असेल तर चिपवर दुप्पट पोचतं, आणि पीबीएससारख्या द्रवाने चिपचा अडथळा खाली आणला तर कितीतरी कमी. जनरेटरवर विश्वास ठेवू नका. ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट चिपच्या टोकांवर लावा, फ्रिक्वेन्सी बदलत जा आणि प्रत्येक ठिकाणी काय पोचतंय ते लिहून काढा. या कामात असा आलेख भिंतीवर डकवलेला असावा.

एवढं वाचून लगेच कॅन्सरच्या पेशींकडे धावू नका. आधी यीस्ट. चिपसुद्धा बाजूला ठेवा. सोलापुरात यंत्रमागांच्या कृपेने मोटार वाइंडिंगची दुकानं जागोजाग आहेत. तिथून ४० गेजची एनॅमलची तार वीतभर मागा, फुकट देतील. जाडी ०.१२ मिलिमीटर. दोन तुकड्यांची टोकं खरवडून एनॅमल काढा, टोकं तिरकी कापून अणकुचीदार करा आणि काचपट्टीवर समोरासमोर चिकटवा, मधे तारेच्या जाडीएवढंच अंतर ठेवून. किराणा दुकानातलं कोरडं बेकरी यीस्ट चिमूटभर कोमट साखरपाण्यात जागं करा. त्यातलं निम्मं उकळत्या पाण्यात ट्यूब धरून दहा मिनिटं मारा, मग दोन्ही एकत्र करा. यीस्टला पेशीभित्तिका असते, त्यामुळे साखरेचा बफर लागत नाही. लिटरला ०.१२ ग्रॅम मीठ घातलेल्या डीआयोनाइज्ड पाण्याने तीनदा धुवा. मीटरवर अडीचशेच्या आसपास यायला पाहिजे. मिथिलीन ब्लूचा अगदी हलका थेंब टाका, मेलेल्या पेशी निळ्या होतात आणि जिवंत बिनरंगी राहतात. थेंब तारांच्या फटीवर ठेवा, वर कव्हरस्लिप, जनरेटर १ मेगाहर्ट्झ, २० व्होल्ट पीक-टू-पीक.

मायक्रोस्कोपच्या १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली बघत राहा. फट मोठी आणि यीस्ट बारीक, म्हणून वेग सेकंदाला काही मायक्रोमीटरच असेल. घाई करू नका. बिनरंगी पेशी तारेच्या टोकाकडे सरकू लागतात, टोकाला पोचलेल्यांना मागच्या येऊन चिकटतात आणि क्षेत्राच्या रेषेवर त्यांच्या माळा उभ्या राहतात. निळ्या या गर्दीत सापडत नाहीत, टोकांपासून लांब राहतात. जनरेटर बंद केला की माळा सैल पडून विखुरतात. मग फ्रिक्वेन्सी हळूहळू खाली आणा, जिवंत पेशी ओढ सोडून मागे फिरतात तो आकडा टिपा. थोडं मीठ वाढवा, पुन्हा तोच आकडा टिपा. तो वर सरकलेला दिसेल. एवढ्या प्रयोगाने वरचं सगळं सूत्र डोळ्यासमोर घडतं, आणि तुमच्या प्रबंधातली पहिली आकृतीही तयार होते. तांबं पेशीला विषारी आहे, पण काही मिनिटांत फरक पडत नाही.

हेच पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या छापील सर्किट बोर्डावर करू का, असं विचारणारे असतात. साधारण पीसीबीवर पट्ट्यांमधलं अंतर १५० मायक्रोमीटर मिळतं. त्याच व्होल्टेजला बल अंतराच्या घनाने उतरतं, म्हणजे ३० च्या तुलनेत सव्वाशे पटींनी कमी. वरून पीसीबी अपारदर्शक, आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपचा दिवा खालून येतो. नको त्या वाटेला जाऊ.

आता एकेक पेशी निवडण्याबद्दल. वर सांगितलं ते घोळक्याचं वर्गीकरण झालं; एका गुणधर्माच्या सगळ्या एकीकडे, दुसऱ्या दुसरीकडे. एकेक पेशी बघून, ठरवून, बाजूला काढणं हे वेगळं काम. तेही विजेनेच होतं आणि बऱ्याच वर्षांपासून होतंय. मोठ्या प्रयोगशाळांतला सेल सॉर्टर आठवा. रिचर्ड स्वीट यांचं इंकजेटचं तंत्र घेऊन मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पेशी असलेल्या थेंबांना प्रभार देऊन, प्रभारित पट्ट्यांमधून वळवून वेगळं केलं. पुढे स्टॅनफर्डला हर्झेनबर्ग यांच्या गटाने त्याला फ्लुओरेसन्सची, म्हणजे प्रकाश पडल्यावर चमकणाऱ्या रंगांची जोड दिली. तिथे थेंब हवेत उडतात. मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये तेच तेलातल्या थेंबांवर करतात: एका थेंबात एक पेशी, लेझरखालून जाताना चमकली तर शेजारच्या इलेक्ट्रोडला क्षणभर व्होल्टेज, आणि डीईपीने अख्खा थेंब दुसऱ्या फाट्यात. २००९ मध्ये बारे आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला २००० थेंबांपर्यंत हा वेग नेला. यात पेशीच्या स्वतःच्या धारकतेशी संबंध उरत नाही, क्षेत्र थेंबाला हलवतं. त्यामुळे आत मीडियम कितीही खारट असलं तरी बिघडत नाही. तुमच्या बफरच्या डोकेदुखीतून सुटायचं असेल तर ही वाट आहे, पण मग लेझर, डिटेक्टर आणि जलद इलेक्ट्रॉनिक्स लागतं.

तिसरी वाट मला सगळ्यात देखणी वाटते. पेशी दाट क्षेत्रातून ढकलली जाते म्हटलं ना? मग चारी बाजूंनी ढकला, म्हणजे ती मधे अधांतरी अडकून राहील. बोलोन्याच्या गटाने २००३ मध्ये ८ बाय ८ मिलिमीटरच्या सिलिकॉन चिपवर २० मायक्रोमीटरच्या अंतराने १,०२,४०० इलेक्ट्रोड मांडले, प्रत्येकाला स्वतंत्र आज्ञा देता येईल असे. सोलापुरी चादर जॅकार्डवर विणताना कार्डावरच्या भोकांप्रमाणे ताण्यातला हवा तो धागा उचलला जातो, तसा इथे हवा तो इलेक्ट्रोड चालू-बंद होतो आणि त्यावरचा अदृश्य पिंजरा पेशीसकट शेजारच्या घरात सरकतो. हजारो पेशी अशा धरून ठेवायच्या, मायक्रोस्कोपखाली एकेक बघायची, हवी ती निवडून दाराशी चालवत न्यायची. याच कल्पनेवरचं डीईपीअ‍ॅरे हे यंत्र बाजारात आहे. संथ आहे, पण पेशी नेमकी कुठली ते डोळ्यांनी बघून ठरवता येतं.

आता रक्ताचा हिशोब. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णाच्या साडेसात मिलिलिटर रक्तात कॅन्सरच्या ५ किंवा अधिक पेशी सापडल्या तर ते वाईट लक्षण मानतात. पाच! तेवढ्याच रक्तात तांबड्या पेशी असतात मिलिलिटरला सुमारे ५ अब्ज या दराने पावणेचार हजार कोटी. तुमची चिप सेकंदाला हजार पेशी तपासते असं उदारपणे धरलं तरी वर्षाहून जास्त लागेल. म्हणून आधी अमोनियम क्लोराइडने तांबड्या फोडतात किंवा घनतेच्या थरावर वेगळ्या काढतात. उरलेल्या पांढऱ्या पाच कोटींच्या आसपास, त्याला त्याच वेगाने चौदा-पंधरा तास. तेव्हा आधी घोळक्याने गाळणारी डीईपीची चिप, जिथून सगळं सतत वाहत जातं आणि संशयित तेवढ्या मागे राहतात, आणि मग त्या शे-पाचशेंमधून एकेक उचलणं, अशा पायऱ्या कराव्या लागतात. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये पहिल्या पायरीचाही एक तुकडा पुष्कळ झाला: कल्चरमधल्या कॅन्सरच्या पेशी मोजून पांढऱ्या पेशींत मिसळायच्या आणि किती परत मिळाल्या ते दाखवायचं.

त्यासाठी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी, कॉलेजमार्फत अर्ज करून पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनसीसीएसकडून मिळते. स्वतः जाऊन आणणार असाल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळच्या हुतात्माने परत येता येतं. फ्लास्क मानेपर्यंत मीडियमने भरून, झाकण घट्ट करून, थर्मोकोलच्या डब्यात. अर्धवट भरलेला फ्लास्क गाडीत हिंदकळतो आणि पेशी सुटतात. उन्हाळ्यात डबा खिडकीकडे ठेवू नका. इलेक्ट्रोड बिघडलेच आहेत, तर नवे करायला आयआयटी मुंबई किंवा बंगळूरच्या आयआयएससीच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधा बाहेरच्या संशोधकांना इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅममधून वापरता येतात. गाइडना प्रस्ताव लिहायला सांगा. रक्ताचा नमुना मात्र एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी आल्याशिवाय घेऊ नका. मैत्रिणीच्या बोटाला टोचून काढलेला थेंबसुद्धा नाही.

राहिला सिरिंज पंप. हाताने ढकलू नका. अंगठ्याचा दाब इतका कमी-जास्त होतो की २०० मायक्रोमीटरचा वेग त्यात कुठे हरवतो ते कळणारही नाही. त्यापेक्षा पिस्टन काढलेल्या सिरिंजच्या नळकांड्यात नमुना भरा, नळीने चिपला जोडा आणि लॅब-जॅकवर, म्हणजे स्क्रूने वर-खाली होणाऱ्या स्टँडवर ठेवा. दुसऱ्या टोकाची नळी एका ट्यूबमध्ये बुडवा. दोन पातळ्यांमधला एक सेंटिमीटर फरक म्हणजे ९८ पास्कल, अगदी स्थिर. जॅक मिलिमीटरने वर-खाली करून प्रवाह इतका बारीक जमवता येतो की स्वस्त पंपाचे हिसकेही त्यापुढे नकोसे वाटतात. नळकांड्याच्या तोंडाला पॅराफिल्म लावून त्याला सुईने एक भोक पाडा, नाहीतर इथल्या कोरड्या हवेत बफर आटत जातो आणि वाहकता पुन्हा चढते. पेशी मात्र नळकांड्यात तळाला बसतात, सेकंदाला काही मायक्रोमीटरने का होईना. दर दहा-पंधरा मिनिटांनी पिपेटने हळूच ढवळा. कुठल्या उंचीला पेशींचा वेग किती मिळाला ते मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजा, आणि चॅनेल बदलला की पुन्हा मोजा.